एका अंगानं जळलेली कुपी

"धाकटा पहिल्यापासून वेंधळाच. दोन बोटं मशीनमध्ये घालवून बसला, तरी नानानं टाकला नाही त्याला. शेवटपर्यंत सांभाळला."

माझ्या पाठीमागे चहाचा घोट घेत कुणीतरी म्हणालं. मी वळले नाही. हातात कागदी कपांचा ट्रे होता. समोर, कारखान्याच्या मधोमध, चंद्रावर उतरणारं चार पायांचं यान उभं होतं, अर्धं सोनेरी आणि अर्धं नुसत्या प्लायवुडचं. त्याच्या एका पायाला टेकवून नानांचा फोटो ठेवला होता, हार घातलेला. तेराव्यानंतरचा पहिला रविवार होता. लालबागच्या आमच्या गल्लीतले लोक, मंडळाचे कार्यकर्ते आणि डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतले शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओढून बसले होते. धाकटा म्हणजे माझे बाबा. ते दाराजवळ उभे होते, डावा हात नेहमीसारखा पँटच्या खिशात. वाक्य त्यांनीही ऐकलं असणार, कारण तो हात खिशात आणखी थोडा खाली गेला.

नाना बाबांचे थोरले भाऊ. आमच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर जे केलं ते सांगायला गेलं की लोकांना आधी थट्टा वाटते. अवकाशात जाऊन आलेल्या, किंवा गेल्या आणि परत न आलेल्या यंत्रांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती ते बनवायचे. खरं यंत्र दूर कुठल्या तरी देशात काचेमागे असतं, नाहीतर चंद्रावर धूळ खात पडलेलं असतं. शाळेच्या सहलीत मुलं ज्याच्यासमोर उभी राहून फोटो काढतात, ते कुणीतरी फायबर, पत्रा आणि प्लायवुडमधून उभं केलेलं असतं. आपल्या बाजूच्या बऱ्याच विज्ञान केंद्रांत ते कुणीतरी म्हणजे नाना. कुठेही त्यांचं नाव लिहिलेलं नाही.

सुरुवात गणपतीच्या देखाव्यानं झाली. एका वर्षी मंडळाला चंद्रावरचा देखावा हवा होता. नानांनी यान केलं, सोनेरी कागद लावला, बघायला रांगा लागल्या. त्या रांगेतले एक निवृत्त विज्ञानशिक्षक यानासमोर थांबले आणि म्हणाले, "छान आहे. पण पाय चुकलेत." नानांनी भर मंडपात त्यांची कॉलर धरली. दोन बटणं तुटली. कार्यकर्त्यांनी सोडवलं म्हणून पुढचं टळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना त्यांच्या दाराशी हजर. माफी मागितली नाही, तुटलेली बटणं मात्र त्यांच्या हातावर ठेवली आणि विचारलं, "कुठे चुकलेत, दाखवा." गुरुजींनी कपाटातून जाडजूड पुस्तकं काढली. विसर्जनानंतर नानांनी ते यान गल्लीत आणून स्वतःच्या हातानं फोडलं, आणि नवं करायला घेतलं. ही गोष्ट ते हसत हसत सांगायचे, आणि ऐकणारेही हसायचे. मीही हसत असे. गुरुजींची मान त्या हातात कशी दिसली असेल, हे माझ्या मनात फार उशिरा आलं.

नाना मारायचे. हे लिहायला मला दोन आठवडे लागले, म्हणून सरळच लिहिते. हाताशी येईल त्यानं मारायचे. रेझिनमध्ये भिजलेला ब्रश, प्लायवुडची पट्टी, स्टीलचा ग्लास. चहात साखर जास्त पडली म्हणून त्यांनी किटली भिंतीवर फेकलेली मी पाहिली आहे. काकूच्या मनगटावर बांगड्या फुटल्याचे बारीक पांढरे व्रण आहेत. ते कशाचे, असं चाळीत कुणी विचारत नाही. मार देऊन झाला की ते शांत होत, आणि ज्याला मारलं त्याला शेजारी बसवून जेवू घालत. ते असे का होते मला माहीत नाही. कारण शोधून काढलं तर ते माफ केल्यासारखं होईल, म्हणून मी शोधलेलंही नाही.

कारखान्यात एक रीत होती. साच्यातून निघालेला पहिला तुकडा ठेवायचा नाही, फोडायचा. थर आतून नीट बसलेत का, हवेचे बुडबुडे राहिलेत का, ते फोडल्यावरच कळतं. ज्यानं तुकडा केला त्यानं तो लाकडी ठोकळ्यावर दोन्ही हातांनी धरायचा, आणि नाना घण घालायचे, बरोबर दोन हातांच्या मध्ये. धरणाऱ्यानं हलायचं नाही. नवा माणूस डोळे मिटून घ्यायचा, जुने गप्पा मारत धरायचे. "नानाचा घण चुकत नाही," हे लालबागमध्ये लोक अभिमानानं सांगत. मी एकदा खडूनं खूण करून पाहिलं होतं. पहिल्या उपग्रहाचा तो हंड्याएवढा गोळा, ज्याला चार लांब मिशा असतात, त्याच्या पहिल्या प्रतीवर मी सुपारीएवढा ठिपका काढला. नानांनी तिरक्या नजरेनं माझ्याकडे बघितलं आणि घण त्या ठिपक्यावर आणला. गोळा असा फुटला की तुकडे छपराच्या पत्र्याला जाऊन लागले. "काय मॅडम," ते म्हणाले, "झाली परीक्षा?"

मॅडम म्हणजे मी. घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटीच. गुरुजी गेल्यावर पुस्तकं वाचून दाखवायला कुणी उरलं नाही, म्हणून बारावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत नानांनी मला कारखान्यात बसवलं. पुस्तकांतली आणि संगणकावरची मापं उतरवून घ्यायची, फोटो मोठे करून भिंतीवर लावायचे, कुठला भाग कशाचा होता ते सांगायचं. मला ते काम आवडलं. बोलावं कमी लागायचं, बघावं जास्त लागायचं. नाना फोटोसमोर तास-तास उभे राहायचे. एखाद्या खिळ्याच्या डोक्यावर बोट ठेवून आपल्या मालवणीत म्हणायचे, "गो चेडवा, ह्यो माणसान हातान ठोकलेलो आसा. बघ, वाकडो गेलो." दूरदेशीच्या कुठल्या तरी कामगाराचा तो वाकडा खिळा, आणि लालबागमध्ये नाना तो तसाच वाकडा ठोकायचे. तेव्हा त्यांचा चेहरा इतका मऊ व्हायचा की आदल्या दिवशीचं काही आठवायचंच नाही.

त्याच सुट्टीत कुपीचं काम आलं. तीन माणसांना घेऊन चंद्रापर्यंत गेलेली आणि समुद्रात पडलेली अवकाशकुपी. मागणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना ती चकचकीत हवी होती. नानांनी त्यांच्यासमोर फोटो आपटला. "ही आगीतून आली आहे साहेब. तुम्ही आगीतून आलात तर चकचकीत दिसाल?" मग सुरू झालं कुपीला मारणं. याहून दुसरा शब्द मला सुचत नाही. त्यांनी तिला साखळीनं झोडलं, गॅसच्या बत्तीनं भाजलं, पाणी मारून तडे पाडले, पुन्हा भाजलं. फायबर जळल्याचा वास आठवडाभर केसांतून गेला नाही. फ्रान्सिस अंकल, आमचे वेल्डर, गिरगावातल्या वाडीतून रोज पहिल्या बसनं येणारे, तोंडाला रुमाल बांधून म्हणाले, "नाना, वो मेली रे कभी की. आता तरी सोड तिला." नाना घामानं निथळत हसले. मला तेव्हा वाटलं होतं, या माणसातल्या रागाला अखेर जागा सापडली. इथे तो चालतो, इथे तो लागतोसुद्धा… सतरा वर्षांच्या मुलीला असं वाटू शकतं.

कुपीच्या तळाशी उष्णतेची ढाल असते. आम्ही ती आठ पाकळ्यांत केली होती. परत येताना कुपी किंचित तिरकी होती, म्हणून तिचं एक अंग काळंठिक्कर आणि दुसरं नुसतं तांबूस झालं होतं. कुठली पाकळी किती काळी, हे मी फोटोंवरून ठरवलं. काळ्या पाकळ्यांच्या मागे पेन्सिलनं सूचनाही लिहिली, की हे असंच ठेवायचं आहे, सारखं करू नये. इंग्रजीत लिहिली. मला तेच पटकन जमायचं. कारखान्यात इंग्रजी वाचणारं माझ्याशिवाय कुणी नाही, हे मला माहीत होतं, आणि तरी लिहिताना ते डोक्यात आलं नाही.

बाबा डावखुरे, हात गणपतीच्या मूर्तींवर तयार झालेला. दोन डोळे सारखे, दोन गाल सारखे, सोंडेची वळणं सारखी. शेवटचा हात बाबांचा, असं नानाच म्हणायचे. त्या दुपारी नाना जेवायला घरी गेले होते. बाबांनी ढाल पाहिली. एक बाजू काळी, एक तांबूस, म्हणजे काम अर्धवट राहिलं असं त्यांना वाटलं. त्यांनी एक पाकळी उलटून मागचं लिहिलेलं बघितलं, मला हाक मारायला तोंड उघडलं, पण मी कानांत इअरफोन घालून माप उतरवत होते. मग त्यांनी पॉलिशपेपर घेतला. दोन तासांत दोन्ही अंगं एकसारखी तांबूस झाली. सुंदर दिसत होतं, खोटं सांगत नाही. त्यांनी मला खांद्याला धरून नेलं. "बघ गं, आता कशी देखणी झाली." मी बघितलं आणि मला कळलं. तेवढ्यात नाना दारात आले.

"ह्यां कोणी केल्यान?"

"मी, दादा. एका बाजूचं राहिलं होतं ना…"

"राहिलां होतां? आग काय तुका इचारून लागता?"

फ्रान्सिस अंकलनी वेल्डिंगची काच डोळ्यांवरून वर केली. नानांनी ढालीची एक पाकळी ओढून काढली, ठोकळ्यावर टाकली आणि म्हणाले, "धर." बाबांनी धरली. बाबांनी आयुष्यात शेकडो तुकडे असेच धरले होते. त्यांनी हात नेहमीच्या जागी ठेवले आणि मान जरा बाजूला वळवली. घण वर गेला. आणि थांबला. नानांनी बाबांच्या डाव्या हाताकडे बघितलं. इतका वेळ बघितलं की मला वाटलं, आता ते घण खाली ठेवतील.

आवाज फायबरचा नव्हता.

बाबा ओरडले नाहीत. "दादा," एवढंच म्हणाले, घरी जेवायला हाक मारावी तसं. पाकळीवर रक्त पसरत होतं आणि तांबूस रंगावर ते दिसतही नव्हतं, फक्त ओलं चमकत होतं. नाना घण हातात धरून उभे होते. मग त्यांनी तो असा फेकला की फरशी फुटली. बाबांना खांद्यावर टाकून ते गल्लीतून धावत सुटले, अनवाणी, टॅक्सीच्या बोनेटवर मुठी आपटत. मी आणि फ्रान्सिस अंकल मागून पळालो.

हॉस्पिटलात फॉर्म माझ्या हातात आला, कारण मला इंग्रजी यायचं. कसं झालं, असा रकाना होता. फ्रान्सिस अंकल कानाशी वाकले. "बेबी, मशीन लिही. पोलीस येईल नाही तर." मी बाबांकडे पाहिलं. स्ट्रेचरवरून ते कोरड्या ओठांनी म्हणाले, "दादाचं नाव नको गं." नाना भिंतीला कपाळ टेकवून उभे होते, त्यांनी मान वळवली नाही. मी लिहिलं की हात यंत्रात सापडला. अक्षर सुरेख होतं. डॉक्टरांनी वाचलं, मान हलवली, आणि ते खरं झालं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. पुढच्या अकरा वर्षांत चाळीत, गल्लीत, नातेवाइकांत सगळ्यांनी तेच सांगितलं, आणि सांगता सांगता त्यात बाबांचा वेंधळेपणा आपोआप येऊन बसला. यंत्रात हात घालतो म्हणजे तसाच असणार माणूस.

त्यानंतर नानांनी ती रीत बंद केली. पहिला तुकडा फुटत राहिला, पण धरायला माणूस नाही, लोखंडी शिकंजा. कारण कुणी विचारलं नाही. ती फुटलेली पाकळी त्यांनी टाकली नाही, आपल्या बसायच्या जागेवर भिंतीला टांगली. ढालीसाठी आठवी पाकळी नवी केली, आणि इतर सात पुन्हा एकट्यानं भाजल्या. बाबा कामावर परतले तेव्हा त्यांच्या बाकावर सगळे ब्रश, पटाश्या, कानशी नव्या मुठींच्या होत्या. तीन बोटांच्या पकडीला बसतील अशा घासलेल्या, वरून सुती पट्टी गुंडाळलेली. बाबांनी एक मूठ धरून पाहिली आणि कामाला लागले. दोघांत याहून जास्त बोलणं मी कधी ऐकलं नाही. नानांचा हात मात्र थांबला नाही. बाबांवर पुन्हा उठला नाही इतकंच; इतरांवर उठत राहिला.

मी सूचना मराठीत लिहायला लागले. "ही बाजू काळीच ठेवा." सुरुवातीला शब्दच सापडायचे नाहीत, बाबांना विचारून लिहायचे. आज हे जे लिहिते आहे ते त्या पाकळ्यांच्या पाठीवर शिकलेलं आहे. टांगलेल्या पाकळीमागची इंग्रजी पेन्सिल मात्र मी पुसली नाही. एकदा भिंत झाडताना नानांनी ती उलटून बघितली. "मॅडम, ह्या मागे काय लिहिलंहास?" मी म्हटलं, "नंबर." ते माझ्याकडे बघत राहिले, घण थांबवून हाताकडे बघितलं होतं तसेच. मग पाकळी पुन्हा सरळ लावली.

दीड महिन्यापूर्वी सकाळी फ्रान्सिस अंकलचा फोन आला. यानाच्या इंजिनाचा घंटेसारखा भाग चेनपुलीवर टांगलेला असताना हूक निसटला. आत लोखंडी सांगाडा होता. नाना खाली उभे राहून शिव्या देत होते. घंटा त्यांच्या छातीवर आली. दोन दिवस ते जिवंत होते. शेवटच्या संध्याकाळी बाबा चमच्यानं त्यांना पाणी पाजत होते, डाव्या हातानं हनुवटी धरून. नाना त्या हाताकडे बघत होते. मग डोळे माझ्याकडे फिरवून त्यांनी विचारलं, "घंटा चेपली काय गो?"

"हो, नाना. एका बाजूला."

"र्‍हवंदे तशीच. खरी दिसात."

हसू येईल असं ते बोलले, आणि मला हसू आलंही. बाबा पाणी पाजत राहिले.

रविवारी कार्यक्रमात सगळे बोलले. देखाव्यांची आठवण निघाली, गुरुजींच्या कॉलरची गोष्ट निघाली, खुर्च्यांतून हसू फुटलं. मंडळाच्या अध्यक्षांनी माइक हातात घेऊन सांगितलं, "चाळीस वर्षं घण चालवला या माणसानं, पण नानाचा घण कधी चुकला नाही! आणि भाऊ असा… भावाचा हात गेला, तर त्याच्या अन्नाची जबाबदारी घेतली." लोकांनी माना डोलावल्या. काकू माझ्या शेजारी होती. तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला. "तू बोल गो दोन शब्द. तू शिकलेली." तिच्या मनगटावरचे पांढरे व्रण माझ्या अगदी डोळ्यांखाली होते.

मी मोबाइलवर इंग्रजीत एक पान लिहून आणलं होतं. त्यात वाकडा खिळा होता, त्यांचा मऊ चेहरा होता, आणि खोटं एकही वाक्य नव्हतं. ते वाचून मी खाली बसू शकले असते. मी उठले. अध्यक्षांच्या मागे भिंतीवर ती पाकळी होती, घासून सारखी तांबूस झालेली, डाव्या कडेला चेचलेली. अध्यक्षांनी माइक बाबांच्या हाती दिला होता. वायर ओढत ते तो घेऊन माझ्यापर्यंत चालत आले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार हे त्यांना कळलं असावं. मला वाटलं, ते मान हलवून नको म्हणतील, स्ट्रेचरवर म्हणाले होते तसं. त्यांनी खिशातून डावा हात काढला आणि माइक त्या हातानं पुढे केला. तीन बोटांत धरलेला, सगळ्यांसमोर.

मी मोबाइल बंद केला.

"काका, तुम्ही खरं बोललात," मी अध्यक्षांना म्हणाले. "नानांचा घण कधी चुकला नाही. बाबांची बोटं गेली त्या दिवशीही चुकला नव्हता. मशीन नव्हतंच तिथे. बाबांनी तुकडा धरला होता, नानांनी हाताकडे नीट बघितलं आणि घण घातला. आणि बाबांचीही चूक नव्हती. काय करायचं नाही ते मी त्या तुकड्यामागे इंग्रजीत लिहिलं होतं, त्यांना वाचता आलं नाही. तो तुकडा तिथे भिंतीवर आहे. हॉस्पिटलात मशीन म्हणून लिहिलं, तेही मीच."